बावन्न गडांच्या राज्यात गोंडी कुठे गेली?

जबलपुरात पत्ता सांगताना तळ्यांची नावे घ्यावीच लागतात. राणीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल. घमापुर चौकातून आधारतालाकडे जाणाऱ्याला रिक्षावाला भाडे सांगतो. तळे कुणाचे, हे कुणी विचारत नाही. पण जुन्या जबलपूरकरांना ते तोंडपाठ असते. राणीताल राणी दुर्गावतीचे, चेरीताल तिच्या चेरीचे म्हणजे दासीचे, आणि आधारताल तिचा दिवाण आधार कायस्थ याचे. गोंड राजांची जुनी राजधानी गढा, तिच्याजवळचे संग्रामसागर त्याहून जुने, राणीच्या सासऱ्याचे. यातली काही तळी पुरती बुजली, काहींच्या पोटात वस्त्या उभ्या राहिल्या, नावे मात्र टिकली. गोंड राजांनी या शहराला दिलेली सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे हे साठवलेले पाणी.

दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. ज्या गोंडांचे राज्य या भागात जवळपास तीनशे वर्षे होते, त्यांची भाषा जबलपूर जिल्ह्यातल्या गोंडांच्या घरात आज ऐकू येत नाही. ते बोलतात ती बुंदेलीकडे किंवा बघेलीकडे झुकलेली हिंदी. शेजारच्या कोलांचेही तेच. त्यांचे नाते मुंडा कुळातल्या लोकांशी जोडले जाते, पण इथल्या कोलांची बोली हिंदीच आहे. भारियांचेही तसेच. एका जिल्ह्यात तीन मोठ्या जमाती, आणि तिघींपैकी एकीचीही जुनी भाषा घरात नाही.

असे का झाले, याचे तयार उत्तर इथे कुणीही देईल: आधी मोगल आले, मग मराठे, मग इंग्रज, राज्य गेले, त्यामागे भाषाही गेली. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. राज्य जाण्याच्या कितीतरी आधी, राज्य भरात असताना, गढ्याच्या दरबारातून गोंडी हद्दपार झालेली दिसते. किंबहुना ती दरबारात कधी शिरलीच नसावी. आणि राज्य जितके नीट चालले, तितकी ती दरबाराबाहेरही मागे सरत गेली.

भाषेपासूनच सुरुवात करू. गोंडी द्राविडी कुळातली आहे. सातपुडा आणि मैकल डोंगरांत, चहूकडे मराठी, हिंदी, छत्तीसगढी असताना ही भाषा बोलणारा माणूस दोन, तीन, चार मोजताना रंड, मूंड, नालुंग म्हणतो. तेलुगू माणूस रेंडु, मूडु, नालुगु म्हणतो. एवढ्यावरून नाते कळावे. भाषातज्ज्ञ गोंडीला तेलुगू आणि ओडिशातल्या कुई या भाषांच्या जवळ ठेवतात. गोंड स्वतःला कोइतूर म्हणवतात. गोंड हे नाव इतरांनी दिलेले. भाषेचा नकाशा गोदावरीच्या खोऱ्याकडे बोट दाखवतो, तर त्यांच्या स्वतःच्या कथा गुहेकडे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, लिंगोची दीर्घ कथा उतरवून घेतली होती. हिस्लॉप १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्या कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, चौघे तेवढे निसटतात आणि काचीकोपा लोहागढाला जाऊन राहतात. पुढे लिंगो बाकीच्यांना सोडवतो, त्यांची कुळे पाडतो, कुणी किती देव पूजायचे ते ठरवून देतो. आजही गोंडांत सोयरीक जमवताना चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे हा हिशेब पाहिला जातो. या कथेत राजा नाही, दरबार नाही आणि गढाही नाही.

राजांची कथा वेगळीच आहे, आणि ती मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. विल्यम स्लीमन, तोच ठगांचा बंदोबस्त करणारा, जबलपूर भागात बरीच वर्षे होता. त्याने गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास लिहिला. तो १८३७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात सांगितलेल्या परंपरेप्रमाणे घराण्याचा मूळपुरुष यादवराय ऊर्फ जदुराय हा गोदावरीकाठचा राजपूत. नोकरीच्या शोधात तो उत्तरेकडे आला, नर्मदेच्या उगमापाशी त्याला दृष्टान्त झाला, गढ्याच्या गोंड राजाची मुलगी रत्नावली त्याला मिळाली आणि सासऱ्यामागून गादीही. म्हणजे कथेनुसार राज्य गोंडांचे, पण राजाचा बाप राजपूत. अशा कथा हिंदुस्थानभर सापडतात. डोंगरातला सरदार जेव्हा सपाटीवर राजा म्हणून मान मागू लागतो, तेव्हा त्याला अशी वंशावळ लागते. जदुराय खरा होता की नाही, याला फार महत्त्व नाही. घराण्याला त्याची गरज केव्हा आणि का पडली, हे पाहिले पाहिजे.

ती गरज संग्रामशाहाच्या काळात उघड दिसते. गढ्याच्या टेकडीवरून उठून बावन्न गडांचा धनी झालेला हा राजा. मूळ नाव अमानदास. गुजरातच्या बहादूरशाहाला रायसेनच्या मोहिमेत मदत केली म्हणून संग्रामशाह हा किताब मिळाला, असे अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल सांगतो. आणि याच माणसाने बापाला मारून गादी घेतली, हेही तोच सांगतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने पाडलेली सोन्याची नाणी सापडली आहेत. जंगलातल्या म्हणवल्या जाणाऱ्या राजाने सोन्याचे नाणे पाडणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या नाण्यांवरचा मजकूर नागरी लिपीत आहे, वळण संस्कृतचे, आणि त्यात राजा स्वतःला पुलस्त्यवंशी म्हणवतो. पुलस्त्य हा रावणाचा आजोबा. मला या निवडीचे नेहमी कौतुक वाटते. ब्राह्मणी पुराणांत जागा हवी, पण तिथेही रावणाच्या घरातली! पुढच्या राजांना मात्र हे नाते अवघड वाटले असावे, कारण नंतरच्या वंशावळीत जदुरायच पुढे आहे.

संग्रामशाहाचा मुलगा दलपतशाह आणि सून दुर्गावती. दुर्गावती चंदेल राजकन्या. अबुल फजलाच्या मते दलपतचे कूळ हलके होते, पण तो श्रीमंत होता आणि चंदेल राजाचे दिवस फिरले होते, म्हणून ही सोयरीक झाली. शिवाय दलपत संग्रामशाहाचा मुलगाच नव्हता, एका कछवाह्याचा होता, अशीही एक कुजबूज तो नोंदवून ठेवतो. मोगल दरबाराला गोंड राजाचे शौर्य आणि संपत्ती मान्य होती; ते गोंडाचे असणे तेवढे पचत नव्हते.

दलपत लवकर वारला. मुलगा वीरनारायण लहान, म्हणून दुर्गावतीने सुमारे पंधरा-सोळा वर्षे राज्य चालवले. तिचे युद्ध सर्वांना माहीत आहे. माझ्या दृष्टीने अबुल फजलाची एक कोरडी नोंद त्याहून महत्त्वाची आहे. राज्यात तेवीस हजार लागवडीखालची गावे होती. त्यांपैकी बारा हजार गावांत राणीचे स्वतःचे शिकदार, म्हणजे साऱ्याचे अधिकारी, होते आणि बाकीची मांडलिकांकडे. आकडा फुगवलेला असेल, पण चित्र स्पष्ट आहे. हे काही टोळीप्रमुखाचे राज्य नव्हते. इथे लागवड मोजली जात होती, सारा वसूल होत होता, त्यासाठी कारकून होते. दिवाण कायस्थ होता. तळी बांधली जात होती, कारण तळ्याखाली शेत येते आणि शेतावर सारा बसतो. कागद कुठल्या भाषेत चालत असतील ते सांगायला नको. शिकदाराशी गोंडीत हुज्जत घालून गावकऱ्याचा सारा कमी होणार नव्हता.

१५६४ मध्ये कडा-माणिकपूरचा सुभेदार असफखान चालून आला. राणी नरईच्या अरुंद खोऱ्यात उभी राहिली. पहिल्या दिवशी मोगलांना मागे रेटले. त्याच रात्री छापा घालावा, असे तिचे म्हणणे होते; सरदारांनी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी असफखानाच्या तोफा येऊन पोहोचल्या. वीरनारायण जखमी झाला, त्याला मागे नेले. सरमन हत्तीवर बसून लढणाऱ्या राणीच्या कानशिलात एक बाण बसला, मानेत दुसरा. तिने आधारला आपल्याला मारायला सांगितले. त्याचा हात उठेना, तेव्हा कट्यार तिने स्वतःच चालवली. २४ जून हा तिचा बलिदान दिवस म्हणून पाळला जातो. पुढे दोन महिन्यांनी चौरागड पडला. वीरनारायण मारला गेला, आत जोहार झाला. लुटीत अल्लाउद्दीन खिलजीच्या मोहरांनी भरलेले शंभर हंडे आणि हजार हत्ती सापडले. असफखानाने अकबराकडे दोनशेच हत्ती पाठवले, उरलेले दाबून ठेवले. अकबराने नंतर दलपतचा भाऊ चंद्रशाह याला गादी दिली आणि मोबदल्यात दहा गड घेतले. राज्य लहान झाले, पण संपले नाही.

याच वर्षांत पाच-सहा हजार किलोमीटरवर, बाल्टिक समुद्राच्या काठी, राज्य आणि भाषा यांची अशीच एक गोष्ट चालू होती. तिथे प्रशियन, लिथुआनियन, कुरोनियन, लाटगालियन, सेमिगालियन, याटविंगियन अशा एकमेकींच्या नात्यातल्या जमाती होत्या. प्रशियनांवर तेराव्या शतकात ट्यूटॉनिक ऑर्डरच्या जर्मन धर्मयोद्ध्यांनी स्वारी केली. १२६० च्या मोठ्या उठावानंतरही प्रशियन हरले, १२८३ पर्यंत त्यांचा मुलूख पुरता गेला. लिथुआनियनांचे उलट झाले. त्यांनी राज्य उभे केले, ते वाढत वाढत पंधराव्या शतकात काळ्या समुद्राजवळ पोहोचले. पण त्या राज्याची कचेरी चालत होती स्लाव्ह कुळातल्या रुथेनियन भाषेत. १५२९ चा कायदेग्रंथही त्याच भाषेत आहे. पुढे सरदार पोलिश बोलू लागले. लिथुआनियन उरली कुणब्यांच्या घरात. तिच्यातले पहिले छापील पुस्तक १५४७ मध्ये निघाले, तेही राज्याबाहेर, प्रशियातल्या कोनिग्सबर्गला. त्याच गावात जुन्या प्रशियन भाषेतल्या धर्मप्रश्नोत्तरीच्या दोन आवृत्त्या १५४५ मध्ये आणि तिसरी १५६१ मध्ये छापली गेली. ही तिसरी निघाली तेव्हा दुर्गावती गढ्यात राज्य करत होती. तीन छापील पुस्तके असूनही प्रशियन अठराव्या शतकाच्या आरंभी संपली; १७०९ ते १७११ च्या प्लेगने उरलेसुरले बोलणारे नेले. नाव मात्र जर्मन बोलणाऱ्या राजांनी आणि त्यांच्या रयतेने घेतले, आणि जग प्रशिया म्हणून त्यांनाच ओळखू लागले.

म्हणजे जिंकलेल्यांची भाषा टिकते आणि हरलेल्यांची मरते, असा सरळ हिशेब तिथेही लागत नाही. प्रशियन हरले हे खरे. पण त्यांची भाषा गेली ती मुख्यतः त्यांच्या मुलखात जर्मन शेतकरी येऊन वसल्यामुळे आणि चर्च, बाजार, न्याय सगळे जर्मनमध्ये गेल्यामुळे. लिथुआनियन टिकली ती राजाच्या जोरावर नाही. राजाने तिच्याकडे पाठ फिरवली तरी दाट, सलग वस्तीत ती घरोघरी बोलली जात होती, म्हणून टिकली.

गढ्यातही हेच दोन मुद्दे धरून पाहावे लागते: दरबार कोणती भाषा लिहितो, आणि जमीन कोण कसतो. पहिल्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा रामनगरला आहे. १६३४ मध्ये ओरछाच्या जुझारसिंहाने चौरागडावर राजा प्रेमनारायणाला मारले. त्याचा मुलगा हृदयशाह, लोकांच्या तोंडचा हिरदेशाह, पुढे राजधानी मंडल्याजवळ नर्मदेकाठी रामनगरला घेऊन गेला. तिथला मोतीमहाल आजही नदीकडे तोंड करून उभा आहे. १६६७ चा रामनगरचा शिलालेख जयगोविंद वाजपेयींनी रचला. तो संस्कृतात आहे, आणि यादवरायापासून हृदयशाहापर्यंत पन्नासहून अधिक पिढ्यांची वंशावळ त्यात आहे. इतक्या पिढ्या मोजताना घराण्याची बोली कोणती हे कुठे येत नाही. काव्य म्हणून ते येण्याचे कारणही नव्हते.

दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. याच हृदयशाहाने जंगल तोडून शेती वाढवण्यासाठी लोधी शेतकरी मंडल्याकडे आणून वसवले. नर्मदेच्या खोऱ्यातली काळी, गव्हाची जमीन, जिला इथे हवेली म्हणतात, ती हळूहळू लोधी आणि कुर्मी यांच्या हाती गेली. गोंड डोंगराच्या कडेला सरकले किंवा त्याच शेतांवर हरवाहे म्हणून राबू लागले. मोगल फौजेने गावे लुटली, पण फौज निघून गेली. राजाने बोलावून आणलेला शेतकरी राहिला. त्याच्या मागे त्याचा भट, त्याचा बनिया आणि त्याचा आठवड्याचा बाजार आला. मीठ-कापड घ्यायचे तर बुंदेली हवी. गोंडांतले मोठे जमीनदार राजगोंड म्हणवू लागले, काहींनी जानवे घातले. राजाचे पाहून त्यांनी, आणि त्यांचे पाहून धाकट्यांनी भाषा सोडली. चांगला राजा होणे म्हणजे त्या काळी हेच होते: तळी बांधा, रान मोडा, कुणबी वसवा, ब्राह्मणाला अग्रहार द्या. हृदयशाहाला भाषेचा द्रोही ठरवण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही. सतराव्या शतकात कुणी राजा भाषा वाचवायला गादीवर बसत नव्हता.

यानंतर आपले लोक आले. १७४२ मध्ये नानासाहेब पेशवे मंडल्यावर गेले. किल्ला पडला, राजा महाराजशाह मारला गेला, त्याचा मुलगा शिवराजशाह याच्यावर सालाना चार लाखांची चौथ बसली. पुढे घरातल्याच भांडणांनी राज्य पोखरले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी शेवटचा राजा नरहरशाह याला काढले. तो खुरईच्या किल्ल्यात कैदेत १७८९ मध्ये वारला. मराठ्यांनी आपले ठाणे गढ्याऐवजी जबलपूरला केले आणि शहराचे आजचे महत्त्व तिथून सुरू झाले. १७९८ च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. छत्तीस वर्षांची ही मराठी अंमलदारी. इंग्रजी गॅझेटियरांनी तिची यथेच्छ नालस्ती केली आहे, त्यात त्यांचा स्वार्थ होता. पण दरसाल वाढता सारा, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि ओस पडलेली गावे हे सगळे त्यांनी कल्पनेने लिहिले नाही. गोंडीच्या दृष्टीने मात्र या काळात नवे काही घडले नाही. वरचे दप्तर मोडीत गेले, खालचे गाव होते तसेच राहिले. त्या दप्तरामागून आलेल्या काही मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, आणि त्याचे श्रेय जबलपूरला नाही. मुली नागपूर-पुण्याकडून आल्या, पुस्तके तिकडून आली, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले तिकडे गेली. भाषेचे घर शाबूत असले की तिची दूरची खोली टिकते. गढ्याच्या गोंडीचे घर इथेच होते आणि तेच मोडले.

इंग्रजी अंमलात मोडणे वेगाने झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. मालगुजार बहुधा लोधी, ब्राह्मण, बनिया, क्वचित राजगोंड. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरातच जुळला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी डोंगरातली माणसे रस्त्यांच्या आणि खोदाईच्या कामांवर आणली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि घमापुर-रांझीकडचा भाग पुढे कामगारांचा झाला. गावातून कारखान्यात आलेल्या माणसाची भाषा मुकादमाची भाषा होते. मुकादम हिंदी बोलत होता.

यात एक गोष्ट मनाला लागून राहते. १८५७ मध्ये गढ्याच्या घराण्याचे वारस राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह जबलपूरजवळ पुरव्याला, पेन्शन आणि थोड्या गावांवर राहत होते. ५२ व्या पलटणीतल्या शिपायांशी त्यांचे बोलणे चालले असल्याचा इंग्रजांना संशय आला. १४ सप्टेंबरला दोघांना पकडले. झडतीत रेशमी थैलीत एक कागद सापडला. त्यावर शत्रूचा नाश कर, असे देवीला घातलेले पद्य होते. तोच पुरावा धरला गेला. १८ सप्टेंबरला बापलेकांना तोफेच्या तोंडी दिले, आणि त्याच रात्री पलटण बंड करून निघून गेली. पद्य हिंदी वळणाचे होते. गोंड राजाला देवीपुढे गाऱ्हाणे मांडायचे होते, तेही शेवटचे, आणि त्याला ते हिंदीतच सुचले. त्यात नवल काही नाही. त्याच्या घरात हीच भाषा कित्येक पिढ्या होती. पण नाण्यापासून शिलालेखापर्यंत आणि शिलालेखापासून त्या थैलीपर्यंत या घराण्याने मागे ठेवलेला जो मजकूर आपल्याला ठाऊक आहे, त्यात गोंडीची ओळ नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रिअर्सनने भारताच्या भाषांची पाहणी केली तेव्हा मंडल्याकडे त्याला एक बघेली बोली आढळली. तिचे नाव त्याने गोंडवानी किंवा मंडलाहा असे नोंदवले. आर्य कुळातली बोली, गोंडांच्या नावाने. प्रशियाचीच गत. भूगर्भशास्त्रज्ञांनी तर आणखी पुढची मजल मारली. इथल्या खडकांना गोंडवाना म्हटले आणि ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूसने १८८५ मध्ये प्राचीन दक्षिण खंडालाच ते नाव दिले. जगातल्या शाळांत मुले गोंडवाना शब्द शिकतात, तो गोंडांचा मुलूख आहे हे फारच थोड्यांना सांगितले जाते.

मंडल्याच्या डोंगरात गोंडी पुरती मेली नव्हती, पण तिथेही ती गाण्यांतून निघून चालली होती. १९३२ मध्ये इंग्रज अभ्यासक व्हेरिअर एल्विन आणि आपले शामराव हिवाळे मैकल डोंगरात करंजियाला जाऊन राहिले, पुढे पाटणगढला गेले. एल्विनचे नाव सगळीकडे झाले. हिवाळ्यांनी मात्र तिथेच आयुष्य काढले, आणि १९४६ मध्ये परधानांवर एक सुरेख पुस्तक लिहिले. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे तीन तारांचे वाद्य वाजवून ते गोंड यजमानाच्या घराण्याची आणि राजांची गाणी गातात. त्या बान्यात बडादेव असतो असे मानतात. बडादेवाचे झाड साज, म्हणजे आपला ऐन. एल्विन-हिवाळ्यांनी या भागात जमवलेली गाणी बहुतांशी छत्तीसगढी वळणाच्या बोलीतली आहेत. देव राहिला, झाड राहिले, कुळांचा हिशेब राहिला, गाणेही राहिले. गाण्याची भाषा बदलली. याच पाटणगढचा परधान जनगढसिंह श्याम पुढे भोपाळला आला आणि त्याच्या चित्रांतून गोंड चित्रकला म्हणून जी शैली जगभर गेली, तिला भाषेची अडचणच आली नाही.

मग गोंडी राहिली कुठे? बैतूल, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यात, आणि त्याहून भक्कमपणे गडचिरोली, बस्तर, आदिलाबादकडे. त्यातले बस्तर ध्यानात घ्यायला हवे. तिथे राज्य गोंडांचे नव्हते, दरबारात आणि बाजारात हलबी चालत होती, तरीही अबुजमाडच्या डोंगरात माडिया आपली बोली बोलत राहिले. म्हणजे दरबाराने भाषा न घेणे हे एकच कारण पुरत नाही. चांद्याच्या आणि देवगडच्या गोंड राजांनीही गोंडीला कारभारात घेतले नव्हते. फरक पडला तो नांगर आणि सारा कधी पोहोचले याने. नर्मदेच्या काळ्या जमिनीत ते सोळाव्या-सतराव्या शतकातच पोहोचले आणि गोंड राजांनीच ते आणले. इंद्रावतीपलीकडे ते फार उशिरा गेले.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार होते. गोंड म्हणून नोंदलेले लोक देशात एक कोटीहून अधिक आहेत, त्यांपैकी ५० लाखांच्या आसपास एकट्या मध्य प्रदेशात. ज्या राज्यात गोंड सर्वांत जास्त, तिथेच भाषा सोडलेले गोंडही फार, आणि त्यात जुन्या गढा राज्याच्या मुलखाचा वाटा मोठा आहे. भाषा आठव्या अनुसूचीत नाही.

लेखी गोंडी अगदी नव्हती असेही नाही. आदिलाबादच्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेली जाते. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये स्वतंत्र लिपी तयार केली. दोन्ही लिप्यांना अलीकडे युनिकोडमध्ये जागा मिळाली, मसराम यांच्या लिपीला २०१७ मध्ये, गुंजाळाच्या लिपीला २०१८ मध्ये. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. २०१४ पासून निरनिराळ्या राज्यांतले गोंडी भाषक एकत्र बसून प्रमाण शब्दकोश करू लागले. तेलंगणाच्या गोंडीत तेलुगू शिरलेली, महाराष्ट्रातल्या गोंडीत मराठी, मध्य प्रदेशातल्या गोंडीत हिंदी. बऱ्याच बोलींत सातापुढचे आकडेसुद्धा उसने. एका वस्तूला चार ठिकाणी चार शब्द निघाले की कोणता ठेवायचा, यावर वाद होतात आणि तो वाद गोंडीतच चालतो. जबलपूरकडच्या गोंडाला त्या वादात भाग घ्यायचा असेल, तर आधी बालाघाट-शिवनीच्या भावाकडून भाषा शिकावी लागते. तसे शिकणारे तरुण आता दिसू लागले आहेत. ते एकमेकांना ‘सेवा जोहार’ म्हणतात, नावापुढे मरावी, धुर्वे, टेकाम हे गोत्र ठळक लिहितात, आणि मोबाइलवर शब्द उतरवून घेतात.